शंभरातली चार

संशोधन केंद्रात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. कोरडवाहू मुलखांतली देशोदेशींची बियाणी तिथल्या शीतगृहात पाकिटांत ठेवलेली असत. एकेका पाकिटातले शंभर दाणे ओल्या कागदावर मांडायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजायचं, हे तिचं काम. तेवीस वर्षं मान खाली घालून तेच केल्यामुळे आता मान वर केली तरी दुखायची.

एकदा एका पाकिटातले चारच उगवले. बाजरी होती, तीस वर्षांपूर्वी एका लांबच्या गावातून आणलेली. उरलेली चिमूटभरही तिनं टाकून पाहिली. एकालाही मोड आला नाही.

"गावातून पुन्हा आणा," साहेब म्हणाले. "तिथं असेलच."

चार रोपं माळ्याच्या हवाली करून ती निघाली. जीपमध्ये दोन दिवस गेले. "बाई, उतरल्यावर माझी हाडं मोजा," ड्रायव्हर म्हणाला, "एखादं वाटेत पडलं असेल." तिला हसायचंही त्राण नव्हतं.

ज्यानं बियाणं दिलं होतं तो शेतकरी वारला होता. त्याची सून शेतात कणसं खुडत होती.

"ती उंच, केसाळ कणसाची ना?" सून म्हणाली. "मामंजी होते तोवर पेरायचो. मग तुमच्याच केंद्राची माणसं लवकर येणारं वाण घेऊन आली. चांगलं आहे हो, खोटं कशाला बोलू. पोरांची पोटं भरतात."

"जुनं थोडंही ठेवलं नाहीत?"

"ते तुमच्याकडे होतं की. मामंजी म्हणायचे, तिकडे आहे, आता काळजी नको." ती थांबली. "आहे ना?"

मोजणीबाईला खोटं बोलता आलं असतं. पण तेवढाही उत्साह उरला नव्हता. "चार रोपं आहेत, ताई."

सून बांधावर बसली. "इतकी वर्षं तुम्ही करत काय होतात?"

"पाकिटं फार आहेत आणि आम्ही दोघीच. याची पाळी उशिरा आली."

मग सून उठली. "पाणी बेतानं घाला. जास्त झालं की मुळं कुजतात तिची."

ती परतली तेव्हा माळ्यानं लाडानं पाणी पाजून दोन रोपं घालवली होती. त्याला बोलायचं तिच्या जिवावर आलं. उरलेल्या दोन कुंड्या तिनं स्वतःच्या खिडकीत आणल्या आणि पाणी तोडलं. पानं सुरळीसारखी वळली, तरी ती धीर धरून राहिली. कणसं आली तेव्हा दुसऱ्या बाजरीचा पराग लागू नये म्हणून दोन्ही एकाच कागदी पिशवीत बांधली.

पाचशेच्या आसपास दाणे निघाले. निम्मे तिनं सुनेला पाठवायला काढले.

"नियमात बसतं का हे?" साहेबांनी विचारलं.

"बसवा तुम्ही," ती म्हणाली. "मला आता फॉर्म भरायला सांगू नका."

साहेबांनी चष्मा पुसला आणि सही केली. मोजणीबाई मान चोळत शीतगृहाकडे गेली. तिथं आणखी सहा हजार पाकिटं तपासायची होती.