सरावाची शेवंती

तुम्ही माझ्या बापाचा दिवस चोरलात. चोरी कशी झाली ते तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते.

मी ओदील हदूश, माहेरची कार्पांतिए. माझा बाप गास्तों उत्तरेतल्या ल्येव्हँच्या कोळशाच्या खाणीत तीस वर्षं खोकला आणि तिथल्याच दफनभूमीत गेला. दर वर्षी एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सगळ्या फ्रान्ससारखीच मी मुलांना घेऊन त्याच्या थडग्यावर शेवंतीची कुंडी ठेवते. एकदाही चुकलेलं नाही. या वर्षी तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं: हदूश कुटुंबाला फ्रेंच संस्कृतीचा परिचय, बर्गंडीत चार दिवस, मुलांसह. न आल्यास, सुट्टीत मुलांना सांभाळणाऱ्या केंद्रातल्या त्यांच्या जागेचा फेरविचार होईल. आम्ही दोघं कामावर जातो. त्या जागेवाचून आमचं चालत नाही.

मी फोन केला. म्हटलं, आडनाव अरबी असलं तरी माझा नवरा मुलूद इथेच, फ्रान्समधल्या रूबेत जन्मला, बसगाड्या दुरुस्त करतो, चीज माझ्यापेक्षा जास्त खातो. आम्हाला कशाचा परिचय? तुमचा माणूस म्हणाला, "मादाम, यादी यंत्र काढतं, आडनावावरून." आणि एक नोव्हेंबर? "तारखाही यंत्रच काढतं."

गेलो. क्लोतिल्द नावाची पोरगी स्टेशनवर पाटी धरून उभी. माझे पिवळे केस बघून गोंधळली. "तुम्ही यांच्या मदतनीस का?"

"मी बायको," मी म्हटलं.

"आणि मी यादी," मुलूद म्हणाला.

ती आमच्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलायची, जसं काही आम्ही नदीपलीकडे आहोत. पहिल्या संध्याकाळी तिनं चीजच्या त्रिकोणाचं टोक कापायचं नसतं हे शिकवलं. आमचा सहा वर्षांचा बास्तियँ म्हणाला, "माहीतय. आजोबा आईच्या हातावर मारायचे." तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल?

एक तारखेला सकाळी आम्हाला एका खेड्यातल्या दफनभूमीत नेलं. क्लोतिल्दनं माझ्या हातात शेवंतीची कुंडी दिली आणि एका थडग्याकडे बोट दाखवलं. "हे तुमचं. सरावासाठी."

"माझं, इतक्यात?" मुलूद पुटपुटला.

मला हसू येईना. दहा वर्षांची लिलिया माझी बाही ओढत होती. "आई, हे कोण? आपले आजोबा कुठायत?" मी काय सांगू? मी कुंडी ठेवली. न ठेवून काय करणार होते?

तेवढ्यात टोपीवाली एक म्हातारी स्वतःची कुंडी घेऊन आली. थडगं बघितलं, आम्हाला बघितलं.

"तुम्ही माझ्या रेमोंच्या कोण?"

"कोणी नाही, मादाम."

"कोणी नसताना कुंडी कोण आणतं?" ती वाकून बास्तियँला न्याहाळू लागली. "कान तर त्याचेच आहेत."

"कान माझे आहेत," मुलूद स्वतःचा कान धरून म्हणाला.

"तो कापडाचे नमुने घेऊन उत्तरेकडे जायचा. दर महिन्याला." तिनं स्वतःची कुंडी खाली टेकवली. "खरं सांगा. आता मला काय फरक पडतो?"

क्लोतिल्द धावत आली. "मादाम, गैरसमज नको. हे कुटुंब संस्कृती शिकतंय."

"माझ्या नवऱ्यावर?" म्हातारी म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. ल्येव्हँ, खाण, खोकला, आजची तारीख. तिनं ऐकलं, खाली वाकली, आमची कुंडी उचलली आणि माझ्या छातीशी आदळली. "मग इथे काय करताय, बाई? निघा!"

"पण धडा अजून..." क्लोतिल्द म्हणाली. आम्ही फाटकाबाहेर होतो.

दोन गाड्या बदलल्या. कुंडी माझ्या मांडीवर. लिलिया विचारत राहिली, "आपण पळून चाललोय का?" मुलूद म्हणाला, "विचार करू दे." तो पॅरिसपर्यंत विचारच करत होता.

पावणेपाचला ल्येव्हँच्या दफनभूमीत पोचलो. रखवालदार किल्ल्या वाजवत होता. "पाच मिनिटं." आजूबाजूला सगळी थडगी पिवळी, जांभळी. बापाचं तेवढं उघडं. मी कुंडी ठेवली. मुलांनी नखांनी नावावरचं शेवाळ काढलं. उशीर का झाला ते बापाला सांगायला तोंड उघडलं, आणि मलाच ते नीट सांगता येईना. बाप हयातभर एकच विचारत आला, "कोण म्हणालं तुला?" बर्गंडीला जा असं मला कोण म्हणालं होतं?

परवा तुमचं दुसरं पत्र आलं. 'परिचय अपूर्ण. ईस्टरच्या सुट्टीत पुन्हा हजर राहावे. कारण: मृतांच्या स्मरणाच्या धड्यातून कुटुंब मध्येच निघून गेले.'

मी ते तीनदा वाचलं. मुलूदनं एकदा वाचलं आणि कामावर गेला. लिलियानं वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे आपण नापास?"

आम्ही त्या धड्यातून निघून कुठे गेलो, ते आता तुम्हाला कळलं. आता सांगा, आमचं काय अपूर्ण राहिलं? माझ्या मुलीला सांगा. ती वाट बघतेय.