निम्म्या वाट्यावर दिलेली खुडूक

मी एक म्हातारी कोंबडी हाय. माझ्या मानेवर एक पीस न्हाय. रोग झालेला न्हाय, म्हातारपणानं झडली असंही न्हाय. जन्मापासनंच अशी हाय, आमच्यात असतात अशा. तरी पहिल्यांदा बघणारा माणूस एकच विचारतो, हिला अर्धी सोलून सोडली का? विचारा. मला फरक पडत न्हाय.

मित्रांनो, माझा जन्म सोमेश्वरनगरचा, ऊसतोड टोळीच्या तळावरचा. ऊस तोडायला लांबनं माणसं येतात, पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या करतात, आणि भांडी, बैल, पोरं यांच्याबरोबर कोंबड्यापण घेऊन येतात. माझी आई बैलगाडीखाली एका फुटक्या घमेल्यात बसली होती. वरनं बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या. तितंच मी अंड्यातनं बाहेर आले.

मालकीण साखरबाई. उसाच्या पाल्यानं हात कापलेले, बोलणं कमी. उसाच्या फडातनं आली की आधी आमाला मूठभर दाणं टाकायची, मग चूल पेटवायची. मी अंडी चांगली द्यायला लागले तेव्हा शेजारणीला म्हणाली, बोडकी हाय पण गुणाची हाय. एवढंच कौतुक झालं माझं आयुष्यात. पुरेसं होतं.

मग मी खुडूक झाले.

खुडूक म्हणजे काय ते शहरातल्या पोरांसाठी सांगते. कोंबडीला एकदम बसावंसं वाटायला लागतं. पोट गरम होतं, छातीची पिसं गळतात, आवाज बदलतो, कुर्र कुर्र असा घशातनं येतो. अंडी देणं बंद. दाण्यावर पण लक्ष न्हाय. आपण बसायचं आणि पिल्लं काढायची, एवढं एकच डोक्यात. माणसाला हे नको असतं. अंडं बंद झालं की माणूस म्हणतो, कोंबडी बिघडली.

मी बिघडले न्हवते. तरी माझ्यावर सगळे इलाज झाले. साखरबाईनं मला पाटाच्या पाण्यात बुडवून काढलं. पोट गार झालं की उतरेल म्हणून. मी अंग झाडलं आणि ओल्या अंगानं परत घमेल्यात जाऊन बसले. मग नाकात पीस घातलं. हे तर गावोगाव करतात. माझंच एक पीस उपटायचं आणि या नाकपुडीतनं त्या नाकपुडीत आरपार घालायचं, म्हणजे कोंबडी दिवसभर ते काढायच्या नादात बसायचं विसरते. मी विसरले न्हाय. नाकात पीस घेऊन बसले. घमेलं काढून घेतलं तर चुलीजवळच्या कांद्यावर बसले. कांदा उचलला तर दगडावर.

साखरबाईचा नवरा सोपान हसायला लागला. म्हणाला, "ही काय उठत न्हाय. हिच्यापेक्षा आपला मुकादम बरा, दोन शिव्या घातल्या की उठतो तरी."

शेवटी साखरबाई नमली. ऊस अजून लई हाय, महिनाभर तरी कारखाना चालतोय, असं तळावर सगळे म्हणत होते. महिना मिळाला तर तेवढ्यात पिल्लं निघतात. तिनं चांगली बघून अंडी आणली आणि माझ्याखाली सारली. मित्रांनो, त्या वेळी मला जे वाटलं ते सांगत न्हाय. माझं मला राहू द्या.

पण उसाचा अंदाज चुकला. आठवडा झाला न्हाय तोवर फड संपले आणि कारखान्याचा पट्टा पडला. पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला, टोळीनं गावाकडं निघायचं. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. अंड्यांवरची कोंबडी ट्रकमधनं नेता येत न्हाय, हादऱ्यानं अंडी बाद होतात. सोपान म्हणाला, मग आजच कालवण करू, रिकाम्या पोटानं तरी जायचं न्हाय.

साखरबाई उठली. मला घमेल्यासकट उचललं आणि तळाच्या कडेला करिमाभाभीच्या दारात नेऊन ठेवलं.

करिमाभाभी म्हणजे तळाला लागून पत्र्याचं घर असलेली बाई. तिचा नवरा अय्युब ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचं पंक्चर काढायचा. परसात खुराडं होतं, त्यात तिच्या कोंबड्या. दोघींचं बोलणं दारातच झालं.

"भाभी, निम्म्या वाट्यानं ठेवता का?"

"या बोडकीला?"

"बोडकी हाय पण बसती. पिल्लं निघतील ती निम्मी तुमची, निम्मी माझी. कोंबडी माझी."

"आणि तू परत आलीच न्हाईस तर?"

"तर तुमी आणि अल्ला बघून घ्या."

करिमाभाभी हसली आणि घमेल्याचा एक काठ तिनं धरला. झाला व्यवहार. आमच्याकडं असाच होतो तो. साखरबाईनं माझ्या पाठीवरनं एकदा हात फिरवला. मी चोच मारली. अंड्यांवर असताना मी कुणालाच हात लावू देत न्हाय.

आता खुराड्याचं ऐका. माणसाला वाटतं कोंबड्या नुसत्या हिंडतात. न्हाय. खुराड्यात रांग असते. आधी कुणी टिपायचं, वरच्या दांडीवर कुणी बसायचं, कुणाला टोचा मारला तर चालतो, सगळं ठरलेलं असतं. करिमाभाभीच्या खुराड्यात सगळ्यांच्या वर तांबडी होती. अंगानं जाड, तुरा आडवा पडलेला. कोंबडासुद्धा तिला वाट द्यायचा. आणि नवी आलेली कोंबडी सगळ्यांच्या खाली, मग ती कुठनं का आलेली असेना.

करिमाभाभीला हे ठाऊक होतं. तिनं मला एकदम त्यांच्यात सोडलं न्हाय. कोपऱ्यात माझं घमेलं ठेवलं आणि मधी भिगवणवरनं आणलेलं जुनं मासळीचं जाळं बांधलं. त्यांनी मला बघावं, मी त्यांना बघावं, पण चोच लागू नये. माझ्या अंड्यांवर तिनं कोळशानं रेघा मारल्या, म्हणजे दुसरीनं येऊन मधीच अंडं टाकलं तर ओळखू यावं. बाकीच्या बाहेर गेल्या की ती मला उठवायची. मी खाणार, पाणी पिणार, मातीत दोनदा लोळणार आणि पळत परत येणार. ऊन वाढलं तशी ती घमेल्याभोवतीच्या वाळूवर पाणी शिंपडायची. असं शहाणपणानं वागणाऱ्या माणसाशी माझं भांडण न्हाय.

भांडण झालं ते तांबडीशी.

एके दिवशी करिमाभाभी बाजारला गेली होती. मला उठवायचं काम अय्युबकडं. त्यानं मला उठवलं आणि जाळं तसंच उघडं टाकून पंक्चर काढायला गेला. मी मातीत लोळून आले तर माझ्या घमेल्यात तांबडी. नुसती उभी न्हाय, पसरून बसलेली.

पुष्कळ कोंबड्या अशा वेळी शेजारच्या रिकाम्या जागेत जाऊन बसतात. खुडूक कोंबडीला बसण्याशी मतलब, खाली काय हाय ते तिला कळत न्हाय, असं माणसं म्हणतात. मला कळतं. मी घमेल्यात उडी घेतली.

दोन अंडी फुटली. तिचा तुरा फाटला. माझी मान उघडीच, तिच्यावर पहिल्याच टोच्याला रक्त आलं, आणि रक्त दिसल्यावर कोंबड्यांना काय होतं ते तुमाला सांगते. लाल दिसलं की सगळ्या टोचतात. ज्यांचं माझं काय वैर न्हवतं त्यापण आल्या. सगळा कळप माझ्या एका मानेवर. मी घमेल्याचा काठ सोडला न्हाय.

आवाज ऐकून अय्युब आला तोवर माझा एक डोळा मिटला होता. त्यानं बाकीच्यांना हाकललं, मला उचललं, उलटंपालटं करून बघितलं. तेवढ्यात करिमाभाभी पिशव्या घेऊन आली.

"जीव हाय तोवर हलाल करतो," अय्युब म्हणाला. "मेली तर खातापण येणार न्हाय, वाया जाईल."

"खाली ठेवा तिला."

"अगं, ती बाई काय परत येत न्हाय. आली तर सांगायचं, मुंगसानं नेली."

करिमाभाभीनं पिशव्या खाली ठेवल्या. "मुंगसाचं नाव कशाला खराब करू? तुमचंच सांगीन. माझी असती तर सुरी मीच आणून दिली असती. माझी न्हाय ती."

अय्युबनं मला खाली ठेवलं. ती आत गेली आणि जनावरांच्या जखमेचं जांभळं औषध घेऊन आली. माझ्या सगळ्या मानेला फासलं. लाल दिसलं न्हाय की टोचणं थांबतं. मग फुटलेली अंडी काढली, घमेलं पुसलं, उरलेली अंडी हातात घेऊन गालाला लावून बघितली. गरम होती. खरं सांगायचं तर ती तांबडीनंच गरम ठेवली होती. पण त्याचं श्रेय मी तिला देणार न्हाय.

मला घमेल्याजवळ सोडलं. एकाच डोळ्यानं दिसत होतं. मी चढले आणि बसले. जाळं आता अय्युबनंच बांधलं, दोन गाठी जास्त मारून.

पुढं एका सकाळी पोटाखाली टिकटिक सुरू झाली. अंड्याच्या आतनं आवाज येतो तेव्हा कोंबडी हळू आवाजात बोलते, तसं मी बोलले. आठ पिल्लं निघाली. अय्युब चहाचा कप घेऊन जाळ्याबाहेर उकिडवा बसला होता. कप गार झाला तरी बसला होता. मला सॉरी म्हणाला न्हाय. मीपण वाट बघत न्हवते.

एक पिल्लू घारीनं नेलं. सात वाढली. आणि पिल्लं घेऊन मी जाळ्याबाहेर पडले त्या दिवशी तांबडी दाण्यावर उभी होती. मी पिसं फुगवली आणि सरळ चालत गेले. ती बाजूला झाली.

दिवाळीनंतर टोळ्या आल्या. तळावर परत कोप्या उभ्या राहिल्या. साखरबाई आली होती, करिमाभाभीनं लांबनं बघितली होती. पण ती दारात आली न्हाय. एक दिवस गेला, चार गेले. करिमाभाभीचा जीव वरखाली. साखरबाई पाण्याला जाते, आपल्या दारावरनं जाते, मान वर करत न्हाय, असं अय्युबला सांगून सांगून थकली. शेवटी तिनं मला आणि आता चांगल्या वाढलेल्या सातही पिल्लांना डालग्यात घातलं, डालगं डोक्यावर घेतलं आणि तळावर जाऊन साखरबाईच्या कोपीसमोर आपटलं.

"विचारायला पण येईनास व्हय? चोर समजलीस मला?"

साखरबाई भाकरी थापत होती. तसंच पीठ लागल्या हातानं उठली. डालग्यात बघितलं आणि एकेक पिल्लू मोजलं.

"न्हाय ओ भाभी," ती म्हणाली. "मला वाटलं, कोंबडी, पिल्लं सगळी मेली असतील. मी विचारलं असतं तर तुमास्नी खाली बघावं लागलं असतं. म्हणून आले न्हाय."

करिमाभाभीनं डालगं उघडलं. दोघी कोपीसमोर खाली बसल्या. तीन पिल्लं हिला, तीन तिला. सातव्यावरनं जे भांडण लागलं ते मी जन्मात ऐकलं न्हवतं. तुमी सांभाळली, तुमी घ्या. कोंबडी तुझी, तू घे. तो सातवा कोंबडा होता, तो तोवर पिठात पाय घालून भाकरी टोचत होता. मग भांडण माझ्यावर आलं. करिमाभाभी म्हणाली, सातही पिल्लं ने, पण ही मला दे. साखरबाई म्हणाली, सातही तुमी ठेवा, ही मी देत न्हाय. जिचं कालवण होणार होतं ती मी.

पिल्लांची वाटणी झाली. माझी झाली न्हाय. मला कुणी विचारलंच न्हवतं. मी दिवसा कोपीपुढं हिंडायला लागले आणि अंडं घालायला करिमाभाभीच्या खुराड्यात जायला लागले. साखरबाई म्हणायची, दाणा माझा खाते. करिमाभाभी म्हणायची, घाण माझ्याकडं करते. दोघी एकमेकींच्या दारात उभ्या राहून तक्रार करायच्या आणि तासभर हलायच्या न्हाईत.

मित्रांनो, आता मी म्हातारी हाय. अंडं कधीतरी देते. एवढं ऐका. तुमच्या घरची कोंबडी खुडूक झाली तर तिला पाण्यात बुडवू नका, नाकात पीस घालू नका. पिल्लं नको असतील तर खालनं वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी भरपूर द्या, थोड्या दिवसांनी ती आपोआप उठते. पिल्लं हवी असतील तर अंडी द्या आणि लांब राहा. बिघडली म्हणू नका. एका जागी बसून राहणं हे काम हाय, तुमच्याच्यानं होणार न्हाय असलं काम हाय.

आणि तरीपण कुणाला उठवून बघायचंच असेल तर या. हात तुमचा हाय, चोच माझी.