लाडावलेली बुरशी

नव्या औषधाच्या शोधात तिने तीन वर्षांत एकशे ऐंशी बुरश्या तपासल्या, पण एकीनेही जंतूंना साधा धाक दाखवला नाही. प्रयोगशाळेत तिला सगळे 'बुरशीबाई' म्हणत. तीही हसून ओ देई.

पुढची बुरशी घरातच सापडली. सासरे जुने सुतार. मागच्या खोलीतल्या त्यांच्या फळ्यांच्या ढिगात, तळाच्या ओल्या फळीवर पिवळट थर चढला होता. आजूबाजूला मात्र दुसरं काहीच उगवलेलं नव्हतं.

"ही कुणाला जवळ फिरकू देत नाही," सासरे म्हणाले. सुनेने चिमूटभर खरवडून नेली.

नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतू तिने काचेच्या बशीत पसरले आणि मधोमध ती बुरशी ठेवली. तिच्याभोवती स्वच्छ कडं पडलं. तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नाहीत. बुरशीबाई हरखली. मग तिने बुरशी मोठ्या चंबूत, खाद्य घातलेल्या पाण्यात वाढवली, तर त्या पाण्यात जंतू मारायचा काहीच दम नाही. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच.

"पहिल्यांदा काहीतरी चुकलं असेल," वरिष्ठ म्हणाले. "सोड आता."

त्या दिवशी जेवताना तिचं लक्ष नव्हतं. सासऱ्यांनी विचारलं, "खायला काय घालतेस तिला?"

"साखर, प्रथिनं, सगळं उत्तमातलं."

"आणि सोबतीला कोण?"

"कोणी नाही, बाबा. एकटीच असते."

"मग भांडेल कशाला? आयतं मिळाल्यावर कोण हातपाय हलवतं? माझ्याच मुलाकडे बघ."

नवरा काही न ऐकल्यासारखा पाणी पीत राहिला. ती हसली, आणि हसता हसता थबकली.

दुसऱ्या दिवशी तिने साखर बंद केली, फळीचा भुसा घातला आणि सोबतीला त्याच जंतूंना मारून चंबूत सोडलं. आठवड्याभरात बुरशीची रया गेली. पण त्या पाण्याच्या एका थेंबाने बशीत बोटभर रुंद कडं पाडलं.

त्या पाण्यातली जंतू मारणारी रसायनं वेगळी करायला तिच्या रसायनतज्ज्ञ मैत्रिणीला चार महिने लागले. दोन ओळखीची निघाली. तिसऱ्याची कुठेच नोंद नव्हती.

"औषध व्हायला दहा वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही," तिने घरी सांगून टाकलं.

"लागू देत," सासरे म्हणाले.

शनिवारी ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. पांढरा कोट घालून त्यांनी बशी उजेडात धरली आणि बराच वेळ न्याहाळली.

"चांगलीच भांडकुदळ आहे," ते समाधानाने म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून बुरसटलेल्या लाकडाचे आणखी सहा तुकडे काढून टेबलावर मांडले. बुरशीबाईने पेन उघडलं आणि लेबलं लिहायला घेतली.