निळ्या रंगाखालच्या भेगा

मित्रांनो, हॉटेलच्या अंगणात गाद्या-उशा घालून ठेवलेली ती निळी होडी आठवते? ती मीच. मी जुनी आहे आणि मनात डूख धरून आहे, हे आधीच सांगून ठेवते.

दोन भावांच्या बापाने मला घडवलं. पण समुद्रात मला नेलं ते थोरल्याने. तो मला कधी कोरडी पडू देत नसे. किनाऱ्यावर ओढली, तरी माझ्यात बादल्यांनी पाणी ओतून ठेवी, कारण लाकूड सुकलं की आखडतं आणि फळ्यांमध्ये भेगा पडतात. धाकट्याला मात्र लाटा पाहूनच मळमळायचं. तो जाळी वाळत घालायचा, तीही कुरकुरत.

पुढे गावात सहलीची माणसं येऊ लागली. धाकट्याने गोड बोलून बापाच्या घराचं हॉटेल केलं आणि थोरल्याला लेकीकडे शहरात धाडलं. जाताना थोरला एवढंच म्हणाला, "होडी तेवढी मला दे."

"असू दे की दादा, अंगणाला शोभा येईल!"

झालं! मला उन्हात मांडलं, निळा रंग फासला, पोटावर हॉटेलचं नाव लिहिलं. लोक माझ्यात बसून सरबत पीत आणि फोटो काढत. धाकटा त्यांना वादळांच्या गोष्टी सांगे. वादळं थोरल्याने झेललेली आणि मिशीला पीळ याचा! माझा नुसता जळफळाट होई.

गेल्या महिन्यात थोरला आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गाव बघायला आले. स्वतःचंच गाव, पाहुण्यासारखं! तेव्हाही धाकट्याची वादळाची गोष्ट रंगात आली होती. वहिनी फटकन म्हणाल्या, "भावजी, त्या वादळात तुम्ही घरात डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होतात."

लोक हसले. धाकटा लालबुंद झाला. "असं? आत्ताच्या आत्ता होडी काढतो. बघाच!"

"अरे, आधी भिजू दे तिला," थोरला म्हणाला. "पार सुकली आहे ती."

"दादा, तू पाहुणा आहेस. गप बस."

नोकरांनी मला पाण्यात ढकललं. धाकटा ऐटीत वल्ही घेऊन बसला. मित्रांनो, मी याच घडीची वाट पाहत होते. भेगाभेगांतून मी समुद्र आत घेतला. धाकट्याचे बूट भिजले, मांड्या भिजल्या, मी तळाला टेकले आणि तो किंचाळला, "दादा! बुडालो!"

थोरला सावकाश चालत पाण्यात आला. "उभा राहा," तो म्हणाला. "कमरेएवढंच पाणी आहे."

अख्खा किनारा खदाखदा हसला. फोटो तर विचारूच नका! मला जे हवं होतं, ते पोटभर मिळालं.

नोकर मला बाहेर ओढायला आले, तेव्हा थोरल्याने त्यांना हटकलं. "राहू दे तिला पाण्यात." तो आणि वहिनी परत गेलेच नाहीत. हॉटेलच्या समुद्राकडच्या खोलीत राहतात, आणि धाकट्याची ब्र काढायची छाती नाही. माझ्या फळ्या आता फुगल्या आहेत, भेगा मिटत आल्या आहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नटवण्याआधी, ती ज्याने सांभाळली त्याला विचारा. नाहीतर ती लक्षात ठेवते. काल ओहोटीला वहिनींनी माझा निळा रंग खरवडायला घेतला. सगळ्यात आधी हॉटेलचं नाव गेलं.