गाळलेली थरथर

ड्वेनला रिकाम्या इमारती फार आवडतात, कारण तिथे माणसं नसतात. पुढच्या पिढीच्या मोबाइलसाठी आम्ही ज्या लहरी तपासतो, त्या इतक्या नाजूक की वाटेत कुणी नुसता श्वास घेतला तरी पडद्यावरची रेघ हलते. म्हणून आमच्यात रीतच पडली आहे: मोजणी चालू असताना जो हलेल, त्याने कॉफी पाजायची.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातलं ते जुनं वसतिगृह उद्या पाडणार होते. शेजारची इमारत आम्ही मागच्या आठवड्यात तपासली होती, ती पाडूनही झाली होती. हे वसतिगृह पाडण्याआधी भिंतींतून लहरी कितपत आरपार जातात ते बघायला आम्ही दोघं तिथे गेलो होतो, मी आणि आमचा प्रमुख ड्वेन. थोड्याच वेळात रेघ हळूहळू वर-खाली व्हायला लागली.

"मार्लिस, कॉफी तुझ्याकडून."

"मी खांबासारखी उभी आहे. तुझंच पोट हलतंय."

दोघंही बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिलो. परत येऊन बघतो तर मधल्या वेळातली रेघही तशीच, संथ, वर-खाली.

"यंत्र तापलंय," ड्वेन म्हणाला. "नेहमीचंच आहे. गाळून टाक."

गाळायचा तो प्रोग्रॅम त्याचा लाडका. त्यानेच लिहिलेला. असली थरथर दिसली की पुसायची आणि स्वच्छ आकडे पुढे पाठवायचे. माझं डोकं फिरलं.

"बाहेर बर्फ पडतोय आणि तापतंय कुठलं? कुणीतरी श्वास घेतंय, ड्वेन."

"मग भूत असेल. पाडणारी माणसं सगळ्या खोल्या बघून गेलीत, बाई."

मी त्याचं ऐकलं नाही. अँटेना हळूहळू फिरवत गेले. कोपऱ्यात जुन्या गाद्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, तिकडे वळवला की थरथर वाढायची. गाद्या ओढल्या तर मागे अडगळीच्या खोलीचं दार निघालं. आत पांघरुणांच्या ढिगात एक म्हातारी बाई पडली होती. ओठ निळे, हाकेला ओ नाही. मी तिच्या छातीवर हात ठेवला. छाती वर-खाली होत होती.

खाली ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, वाचेल. ड्वेनला चार शब्द सुनावावेत म्हणून मी वर आले.

तो जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. पडद्यावर तीच संथ रेघ होती.

"आता कशाला बघतोस ते? बाई गेली दवाखान्यात."

"ही आजची नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "शेजारच्या इमारतीतली आहे. मागच्या आठवड्यातली. न गाळलेली."

मी खिडकीपाशी गेले. शेजारच्या इमारतीचा राडारोडा अजून उचलला नव्हता. त्यावर बर्फ साचला होता.