मागची चाकं

"अगं, दाबू नकोस त्याला. फिरव," स्टुलावर बसलेला तोलोगोन म्हणाला.

"मघाशी तुम्हीच म्हणालात ना, दाब म्हणून?" चाकाशी उकिडव्या बसलेल्या सालकिनने मान वर केली.

"ते पुढच्या चाकांचं. मागच्या ब्रेकचा पिस्टन आट्यांवर असतो. फिरवत फिरवतच आत जातो."

"म्हणजे तुमच्यासारखाच. सरळ सांगून ऐकायचा नाही."

तोलोगोनला हसू आवरेना. कोचकोर ते नारिन बस हाकण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण उजवा हात लुळा पडला. मग शाळेत स्वयंपाक करणाऱ्या त्याच्या बायकोने, सालकिनने, पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकून घेतली.

उद्या नारिनला नातीचा समारंभ होता. पोर चालू लागली होती. पहिल्या पावलांच्या रिवाजाप्रमाणे तिच्या पायांना दोर बांधून तो कापायचा होता. आणि नेमकी कालच बाजारातून येताना मागची चाकं लोखंडावर लोखंड घासल्यासारखी किंचाळली. गॅरेजवाला मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर गेलेला. "बसनं जाऊ," तोलोगोन म्हणाला होता.

"दुसऱ्याच्या मागे बसून तुम्ही घाट उतरणार? वाटभर त्याच्या चुका काढाल. त्यापेक्षा माझ्या काढा," असं म्हणून ती ब्रेकचे नवे पॅड घेऊन आली होती.

तिने पकडीने पिस्टन फिरवून पाहिला. जागचा हलेना. तोलोगोन ताडकन उठला, डावा हात पुढे केला, आणि तसाच थांबला.

"हँडब्रेक सोडलायस ना?" त्याने हळूच विचारलं.

सालकिन उठली, हँडब्रेक सोडून परत आली. पुढच्या चाकांना दगड लावलेले होतेच. आता पिस्टन गुमान आत जाऊ लागला. जुने पॅड निघाले ते पापुद्र्यासारखे झिजलेले.

कुंपणापलीकडून शेजारच्या बातमाने हाक घातली, "सालकिन, नवऱ्याला स्टुलावर बसवून तू गाडीखाली?"

"त्यांना गाडीखाली घातलं तर मला शिव्या कोण देणार?"

दुसऱ्या चाकाच्या वेळी तोलोगोन गप्पच होता.

"बोला की काहीतरी."

"काय बोलू? चुकत नाहीयेस."

सालकिनने मान खाली घातली. एवढी शाबासकी तिला लग्नापासून मिळाली नव्हती.

सगळं बसवून तिने ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. "अहो, हा तर पोकळच आहे."

"घाबरू नकोस, म्हातारे. दाबत राहा. पॅड अजून जागेवर आले नाहीत."

ती दाबत राहिली. हळूहळू पायाखाली घट्टपणा आला. तिने गल्लीत गाडी फिरवली, थांबवली, पुन्हा थांबवली. आवाज नाही. तोलोगोन कुंपणाला टेकून, डोळे मिटून ऐकत होता.

"चहा टाक," तो म्हणाला. "नाही, थांब. मीच टाकतो."

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर तळलेल्या पिठाच्या बोरसोकची टोपली ठेवून दोघं निघाली. दोलोनची खिंड ओलांडली आणि उतार लागला. पहिलं मोठं वळण आलं तसा तिच्या शेजारी बसलेल्या तोलोगोनचा उजवा पाय आपसूक पुढे सरकला आणि पायाखालच्या मॅटवर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हताच. गाडी मात्र अलगद मंदावली, वळली.

त्याने पाय मागे घेतला. डाव्या हाताने टोपलीतला एक बोरसोक काढला आणि तिच्या तोंडाशी धरला.