खिशावरची लाल अक्षरं

मी एक जुना एप्रन आहे. पांढरा म्हणायची पद्धत आहे, म्हणून पांढरा. मित्रांनो, माझी कीव करत बसू नका. मला ती मुळीच नको आहे.

या इस्पितळातल्या कायम डॉक्टरांचे एप्रन त्यांच्या मापाचे असतात आणि खिशावर त्यांचं नाव असतं. मी कोणाच्याच मापाचा नाही. कोणी डॉक्टर रजेवर गेले की त्यांच्या जागी थोड्या दिवसांच्या करारावर जे येतात, त्यांच्यासाठी मला शिवलं. खिशावर लाल दोऱ्याने एकच शब्द भरला, 'तात्पुरते'. डॉक्टरांच्या खोलीत कपाटं कायम डॉक्टरांना आणि मला दाराआडचा खिळा. कोणाच्या पोटरीपर्यंत मी लोंबलो, तर कोणाच्या पोटावर माझी बटणं लागेनात. पण गंमत पाहा, माझ्याबरोबर शिवलेले कायमचे एप्रन केव्हाच फरशी पुसायला गेले आणि मी अजून कामावर आहे!

खिशावरचा शब्द वाचून रोगी विचारायचे, "खरे डॉक्टर कधी येणार?" तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला तळपाय नाहीत, तरीही. अरे, नाडी बघणारा हात खोटा असतो का?

मग एक डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या बाह्या दुमडून कामाला लागायच्या. त्यांची लहानगी लेक दूर आजीकडे होती. करार वाढला की इथेच खोली घेऊन लेकीला आणायचं, असं त्या हेडसिस्टरना सांगायच्या. करार वाढवणं मोठ्या डॉक्टरांच्या हातात होतं.

करार संपायच्या आदल्या दिवशी सकाळी राउंड घेताना सगळे एका आजींच्या खाटेपाशी थांबले. आजी सारख्या पेंगत होत्या आणि काहीबाही बोलत होत्या.

"वय झालंय. घरी पाठवा, खाट हवी आहे," मोठे डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी आजींना हाताला धरून चार पावलं चालवलं. आजींचा डावा पाय फरफटत होता. डॉक्टरीणबाईंनी खाटेशी उभ्या असलेल्या आजींच्या सुनेला विचारलं, "या कुठे पडल्या होत्या का?"

"हो, न्हाणीघरात घसरल्या होत्या. पण त्याला महिना होऊन गेला. नुसतं टेंगूळ आलं होतं."

"सर, डोक्याचा स्कॅन केल्याशिवाय मी यांना सोडणार नाही."

"उद्या तुमचा शेवटचा दिवस. पुढचं माझ्या हातात आहे, विसरलात वाटतं? कशाला नसती उठाठेव?"

माझ्या खिशात त्यांची मूठ आवळली गेली. लेक आठवली असणार. मला वाटलं, आता गप्प बसतील.

"उद्या शेवटचा असेल, सर. पण आज मी इथली डॉक्टर आहे."

शाब्बास! मला टाळ्या वाजवता येत नाहीत, नाहीतर वॉर्ड दणाणून सोडला असता.

स्कॅन झाला. आजींच्या कवटीच्या आत रक्त साचून मेंदूवर दाब आला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि आजी वाचल्या. करार मात्र वाढला नाही.

"एकदा माफी मागून बघा ना," हेडसिस्टर कळवळून म्हणाल्या.

"कशाची माफी मागू? आजी जगल्या म्हणून?" डॉक्टरीणबाईंनी मला खिळ्यावर नीट अडकवलं, बॅग उचलली आणि त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

घरी जायच्या दिवशी आजी सुनेचा हात धरून डॉक्टरांच्या खोलीत आल्या. "माझी डॉक्टरीण कुठंय?"

मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "त्या गेल्या. तात्पुरत्या होत्या."

"तात्पुरत्या?" आजींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मग मी काय इथं कायमची आलेय? आणि तुम्ही हो?"

हेडसिस्टरनी मला खिळ्यावरून काढलं, मांडीवर घेतलं आणि आपल्या खिशातली कात्री उघडली.

"सिस्टर, हे काय चाललंय?"

"उसवतेय, सर."

मित्रांनो, उद्या मला घालून नवे डॉक्टर तुमच्या खाटेपाशी येतील. ते किती दिवसांचे, ते विचारू नका. त्यांचं नाव विचारा. माझ्या खिशावर लाल दोरा आता नाही, पण सुईची भोकं अजून दिसतात. दिसू देत. इस्त्री करून ती झाकायला मी कोणाला सांगणार नाही.